टाले सरांचा रविवार

उत्तमराव टाले कुठलीही वस्तू नुसती बंद करत नसत. ती बंद राहू शकेल अशी तिची तयारी करून देत. सत्तावन्न साली मी अमरावतीच्या एका कॉलेजात फिजिक्सचा डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो, तेव्हा ते आमचे विभागप्रमुख होते. उन्हाळ्याची सुट्टी लागली की बाकीचे विभाग एका कुलपात मिटायचे. आमची लॅब मिटायला आठवडा लागे. सेलमधलं पाणी काढा, जस्ताच्या कांड्या धुऊन पुसून कोरड्या फडक्यात गुंडाळा, गॅल्व्हानोमीटरचा काटा अडकवून ठेवा, काचेच्या प्रत्येक नळीला बूच लावा. आमचा शिपाई शेषराव दारात उभा राहून म्हणायचा, "सर, हे लॅब बंद करनं नाई, हे मयत गुंडाळनं हाये."

सर हसत नसत. म्हणत, "शेषराव, वस्तू वापरून मरत नाही. नुसती उभी राहून मरते."

उंच, थोडे पुढे वाकलेले, कोटाच्या उजव्या खिशात कायम एक लहान स्क्रू-ड्रायव्हर. तो खिसा आतून फाटलेला, त्यामुळे कोटाच्या अस्तरात पडलेल्या वस्तू शोधत असल्यासारखा त्यांचा हात नेहमी चाललेला. बोलणं बेताचं. लग्न केलेलं नव्हतं. का, ते कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्यांना माफी मागता येत नसे. हे मी त्यांचा दोष म्हणून सांगत नाही, जसं होतं तसं सांगतो. एकदा एका पोरावर थर्मामीटर फोडल्याबद्दल ते फार चिडले. नंतर कळलं, थर्मामीटर दुसऱ्याच बॅचमध्ये फुटला होता. सर काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी तो पोरगा सायकल घ्यायला गेला, तर ब्रेक घट्ट केलेले, साखळीला तेल, आणि कित्येक महिन्यांची मुकी घंटी वाजती झालेली. पोरगा घाबरला. त्याला वाटलं, कोणी सायकल बदलून नेली. मी त्याला सांगितलं, "घे घरी. सरांना वाईट वाटलं आहे."

सरांना वाईट वाटलं की ते काहीतरी दुरुस्त करत. एवढं ध्यानात ठेवलं की त्यांचं पुढचं सगळं वागणं समजतं.

त्यांची एक काळी मॉरिस गाडी होती. अकोल्याच्या कुठल्या तरी कापसाच्या जिनाचा गोरा मॅनेजर मायदेशी जाताना विकून गेला, ती फिरत फिरत सरांकडे आली. कॉलेजला ते सायकलने येत. गाडी फक्त रविवारी निघायची, आणि ती आईसाठी.

सर आईला माय म्हणत, म्हणून आम्हीही सगळे मायच म्हणायचो. अंजनगाव सुर्जीकडची कुणबी घरातली बाई. नवरा लवकर गेला, शेत स्वतः केलं, एकुलत्या एका पोराला शिकवलं. मी पाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांत उजेड आणि अंधार एवढाच फरक उरला होता. कान मात्र असे की फाटकाची कडी वाजली की ती आतून सांगायची, कोण आलं.

मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा तिने विचारलं, "कोन्या गावचा रे बाप्पा?"

"भातकुलीकडचा इंगळे."

"इंगळे म्हंजे कोन्या घरचे?"

हा प्रश्न मला लहानपणापासून ओळखीचा. मी सरळ सांगितलं, "मागच्या वर्षी आम्ही बौद्ध झालो, माय."

ती मग आत तोंड करून म्हणाली, "उत्तम, दोन कप ठेव रे. मास्तराले साखर जास्त लागत असन, उन्हातून आला." चहा सरांच्या आणि माझ्या हातात सारख्याच कपांत आला. नंतर तो कप कुठे आणि कसा धुतला गेला, ते पाहायला मी थांबलो नाही. मी पहिल्या दिवशी एवढंच घेऊन बाहेर पडलो आणि ते मला पुरलं.

रविवारी सकाळी सर गाडी फाटकासमोर आणत. माय एका हाताने भिंत धरून यायची, दुसरा हात पुढे करायची आणि तो नेमका दाराच्या मुठीवर पडायचा. मागच्या सीटवर एकटीच बसायची, पुढे कधी नाही. गाडी अंजनगावच्या रस्त्याला लागली की ती आवाजावरून आणि वासावरून रस्ता बोलून दाखवायची. "पूल गेला. आता संत्र्याचा मळा येईन. आला का?" आणि तो आलेला असायचा. तिकडच्या पानमळ्यांजवळ सर गाडी उभी करत. माय काच खाली करून बसायची. ओल्या पानांचा थंड वास आत यायचा. बोलणं नाही. मग परत.

बाकीचे सहा दिवस ती काय करत होती, हे त्या वेळी मला सुचलंही नाही. मी रविवार पाहिलेला, आणि रविवार फार चांगला दिसत होता.

अठ्ठावन्न साली सरांना इंग्लंडला जायची शिष्यवृत्ती मिळाली. दोन वर्षं. कॉलेजात सत्कार झाला, प्राचार्य बोलले. सत्कारानंतर सर मला लॅबमध्ये घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, "इंगळे, मायला अजून सांगायचं आहे."

"मग आज सांगा."

"आधी गाडीचं आटपतो," सर म्हणाले.

मला तेव्हा त्यातली गंमत वाटली. पुढचे तीन आठवडे मी संध्याकाळी त्यांच्याकडे जात राहिलो. दोन वर्षं उभी राहणाऱ्या गाडीची तयारी म्हणजे लॅब बंद करण्याचा थोरला भाऊ. टाकीतलं पेट्रोल काढलं, कारण ते उभं राहिलं की चिकट होतं. रेडिएटरचं पाणी सोडलं. बॅटरी काढून एका टॅक्सीवाल्याच्या हवाली केली. त्याच्याकडे ती चालती राहील. प्लगच्या भोकांतून इंजिनात थोडं थोडं तेल सोडलं आणि हँडलने ते हळूहळू फिरवलं. सीटवर कडुनिंबाचा पाला पसरला. आणि शेवटी, टायर एका जागी दबून बसू नयेत म्हणून, गाडी जॅकने वर घेऊन खाली सागाचे चार ठोकळे दिले. चाकं जमिनीपासून वीतभर वर, हवेत.

एक चूक मात्र आम्ही दोघांनी मिळून केली. सायलेन्सरचं तोंड आणि खालच्या सगळ्या फटी बुजवायच्या होत्या. वऱ्हाडातला माणूस फट दिसली की कापूस कोंबतो. घरात पोतंभर कापूस पडला होता, शेतातून आलेला, सरकीसकट. आम्ही तोच कोंबला. दोन फिजिक्सवाल्यांपैकी एकालाही सुचलं नाही की उंदीर सरकीसाठी मैलभरावरून येतात. सर परत आले तेव्हा त्या गाडीत उंदरांच्या किती पिढ्या नांदून गेल्या होत्या, ते शेषरावाने पुढे चवीने सांगितलं.

मायला सांगितलं होतं की गाडी दुरुस्तीला काढली आहे. एक रविवार गेला, दुसरा गेला. "मोठी दुरुस्ती दिसते," ती म्हणायची. सर जॅकचा दांडा असा फिरवायचे की आवाज होऊ नये. म्हातारीच्या कानांची त्यांनाच सगळ्यांत जास्त माहिती.

मग पोळ्याचा आदला दिवस आला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने चोळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. मायकडे अमरावतीत बैल नव्हते. ज्या वर्षी गाडी आली त्या वर्षापासून ती गाडीचाच खांदा चोळायची. पुढच्या चाकावरचा पत्रा म्हणजे खांदा. कॉलेजातले लोक याला हसायचे. सर मात्र शांतपणे उभे राहून ती हळद सुकेपर्यंत गाडी पुसत नसत. ही गोष्ट त्या वर्षी सरांच्या ध्यानातच राहिली नाही. जायच्या गडबडीत पोळा त्यांच्या मनातून गेला होता.

आम्ही ताडपत्री बांधायला दोरी कापत होतो. माय वाटी घेऊन बाहेर आली. भिंत धरून, नेहमीसारखी. "आज आवतन घे, उद्या जेवाले ये," असं म्हणत तिने हळदीचा हात पुढे केला. हात पत्र्यावर पडला नाही. तो खाली, टायरवर पडला. तिने हात फिरवला. टायर, मग चाकाखालची मोकळी हवा, मग सागाचा ठोकळा. मग हात वर वर नेत नेत तिने खांदा शोधला. तो तिच्या छातीपर्यंत आला होता.

"उत्तम," ती म्हणाली, "गाडी वाढली का रे?"

माझ्या हातात दोरी होती, ती मी उगाचच गुंडाळू लागलो.

"कुठी जाऊन राहिला तू?"

"इंग्लंडला, माय. दोन वर्षं."

"मंग सांगाचं राहून गेलं?"

"सांगणार होतो."

"कवा? तिकून?"

सरांचा हात कोटाच्या खिशात गेला. त्या दिवशी अंगात कोट नव्हता, तरी गेला. मायने वाटीतली हळद घेतली, उंच झालेल्या त्या पत्र्यावर हात ताणून नीट चोळली, दोन्ही बाजूंनी. म्हणाली, "हिचा काय गुन्हा." आणि भिंत धरून आत गेली.

त्या रात्री ती नेहमीसारखी जेवली, बोलली; रागावली वगैरे नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं सर मला दुसऱ्या दिवशी म्हणाले. मग म्हणाले, "गाडीचं आधी आटपलं, कारण तेवढंच मला जमण्यासारखं होतं."

पुढच्या दहा-बारा दिवसांत त्यांनी मायची जी तयारी केली ती पाहून मला गाडीची तयारी कमी वाटू लागली. डॉक्टर झाले, दातवाला झाला. नव्या गोधड्या शिवून घेतल्या. तिच्या चपलांना खालून रबर लावलं. अकोल्याला मायची भाची होती, शांताताई; तिच्याकडे मायने राहायचं ठरलं. सरांनी त्या घरी आधी जाऊन न्हाणीघरात धरायला लाकडी दांडा ठोकून दिला, ओट्याच्या पायऱ्या सारख्या करून घेतल्या. मायने एक दिवस त्यांना विचारलंच, "मलेबी ठोकळ्यावर चढवतं का आता?"

मी हसलो. सर हसले नाहीत. आवाज न करता उठले आणि खिडकीची कडी नीट करत बसले. ती कडी चांगली होती.

योगायोग असा, की त्याच वर्षी मला अकोल्याच्या कॉलेजात लेक्चररची जागा मिळाली. स्टेशनवर निरोप देताना सर म्हणाले, "इंगळे, आठवड्यातून एकदा मायकडे जाऊन या." हे त्यांनी इतक्या खालच्या आवाजात सांगितलं की मला पुन्हा विचारावं लागलं.

शांताताईचं घर जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे. नवरा जिनात कामाला, चार पोरं, दोन खोल्या, पुढे ओटा. पहिले काही महिने माय तिथे कोपऱ्यात बसलेली असायची. मी गेलो की सरांचं पत्र वाचून दाखवायचो. पत्रं विचित्र असत. तिथली थंडी, प्रयोगशाळा, आणि मग अर्धं पान गाडी. ताडपत्री उडाली नाही ना, ठोकळ्यांना वाळवी लागली नाही ना, पावसात शेडमध्ये पाणी शिरलं का, शेषरावाला विचारून कळवा. मायची चौकशी शेवटी एका ओळीत. मला ते वाचताना लाज वाटायची. एकदा मी म्हटलं, "सर गाडीचंच फार विचारतात."

माय म्हणाली, "तुले समजत नाई मास्तर. गाडीचं इचारलं म्हंजे माह्यंच इचारलं. सरळ इचाराची त्याची हिंमत होत नाई."

मग हळूहळू कोपरा सुटला. शांताताईचं धाकटं पोरगं पोट दुखून रडत होतं, मायने त्याला पायांवर आडवं घेऊन तेल चोळलं. ते झोपलं. शेजारणीने पाहिलं, तिने आपलं आणलं. वर्षभरात अशी गत झाली की सकाळी त्या ओट्यावर बाया पोरं घेऊन बसलेल्या आणि माय मध्ये पाय पसरून, एकामागून एक पोर घेतेय, चोळतेय, शेकतेय, त्यांच्या आयांना शिव्या घालतेय. "हे पोरगं हाये का पापड? दूध पाजतं का नुसतं दाखवतं याले?" बाया हसायच्या. कोणाचं पोर कोणतं हे तिला हातालाच कळायचं. मी गेलो तर म्हणायची, "मास्तर, तुमी बसा थोडे, हातातलं होऊ द्या." पत्र मी वाचायचो, ती ऐकायची, पण मध्येच कोणाच्या तरी पोराला ओरडायची.

मी सरांना लिहिलं, माय मजेत आहे. त्यांचं उत्तर आलं, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून लिहिता हे मला कळतं.

साठ सालच्या दिवाळीनंतर सर परत आले. अमरावतीला आल्यावर आधी त्यांनी गाडी खाली घेतली. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलल्या, सीट नव्याने शिवून घेतल्या, पेट्रोल भरलं, आणि एका रविवारी सकाळी ती गाडी घेऊन मायला न्यायला अकोल्याला आले. मला आधी कळवलं होतं, म्हणून मी तिथेच होतो.

गाडी गल्लीत शिरली तशी पोरं मागे धावत आली. मायच्या पायांवर एक बाळ होतं. तिने मान वर केली, ऐकलं आणि म्हणाली, "इंजिन जरा खोकते रे तिचं."

सर खाली उतरून तिच्या पाया पडले. तिने तेलाच्या हाताने त्यांचं तोंड चाचपलं. "वाळला," म्हणाली. "थांब, हातातलं होऊ दे."

सरांनी गाडीचं मागचं दार उघडून ठेवलं आणि दाराजवळ उभे राहिले. ते बाळ चोळून झालं. मग दुसरं आलं. दुसरंही झालं. तिसऱ्याची आई पुढे सरकली तेव्हा सर म्हणाले, "माय, सामान कुठलं कुठलं घ्यायचं?"

"कोन्तं सामान?"

"घरी चलायचं ना."

माय तिसऱ्या बाळाचे पाय चोळत राहिली. मग सावकाश बोलली. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून आजूबाजूच्या बायाही गप्प झाल्या.

"तू बोलावून राहिला, बरं वाटलं. पन मी नाई येत बाप्पा. तिथी तू चांगलंच ठेवलं मले. खायाले प्यायाले, दवा, सारं. तू कॉलेजात गेला का मंग मी तुही सायकल वाजाची वाट पाहो. साऱ्या हप्त्यात एक दिस माहा. तिथी मले रविवार होता. इथी सारे वार हायेत."

सरांनी दाराची मूठ धरून ठेवली होती. ते म्हणाले, "हे मला तेव्हा कधी बोलली नाहीस."

"तू इचारलं असतं तं बोलली असती."

गाडीभोवती जमलेल्या पोरांना काही समजत नव्हतं. त्यांतला एक मोठा पोरगा म्हणाला, "मामा, दार लावू का?" मायने ऐकलं. म्हणाली, "लावू नोको. उत्तम, गाडी आली हाये तं पोराइले फिरवून आन. मोर्णेच्या पुलापर्यंत." सरांनी नऊ-दहा पोरं त्या मॉरिसमध्ये भरली आणि ते पुलापर्यंत जाऊन आले. नव्या सीटवर तेलाचे, गुळाचे हात उमटले. परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी काय नाव देऊ. हसत होते, आणि पाहवत नव्हतं.

संध्याकाळी ते माझ्या खोलीवर आले. खुर्चीच्या ढिल्या पायाकडे बघत बसले, पण तिला हात लावला नाही. म्हणाले, "दोन वर्षं मी तिला सोडून गेलो म्हणून झुरलो, इंगळे. रोज. आणि तिला तर तीच दोन वर्षं मिळाली. मी इथे होतो, तीच वर्षं वाईट होती."

मी म्हटलं, "सर, तुम्ही तिला काही कमी केलं नाही."

"तेच तर," ते म्हणाले.

मला त्या रात्री माझी आई आठवली हे खरं. आम्ही पहिल्या पिढीतले शिकलेले लोक. नोकरी लागली की अभिमानाने सांगतो, आई-बापाला शहरात आणून ठेवलं. माझी आई माझ्याकडे आली तेव्हा मी तिला पाण्याचा हंडासुद्धा उचलू दिला नव्हता. ती आठ-पंधरा दिवसांत गावाला परत गेली. गावातल्यांना म्हणाली, पोराचं घर चांगलं हाये, पन तिथी मले काई कामच नाई. मी त्याचा अर्थ असा लावला होता की तिला सुख सोसत नाही.

पुढची चार-पाच वर्षं सर प्रत्येक रविवारी अमरावतीहून अकोल्याला येत. मायला ते कधी चल म्हणाले नाहीत, ती कधी बसली नाही. ते ओट्यावर बसत, ती पोरं चोळत असे. दुपारी गल्लीतल्या पोरांना पुलापर्यंत एक फेरी. त्या गल्लीतल्या दोन-तीन पोरांनी तर गाडी चालवायलाच सरांकडून शिकून घेतलं. सरांना मी तिथे पहिल्यांदा बोलताना पाहिलं. लांबलचक, विनाकारण बोलताना. तिला विचारत, आज किती आली? कोणतं रडलं? माय सांगायची. कधी कधी ते विचारत, "माय, हे चालेल का? असं करू का?" लहान-लहान गोष्टींत. तिने एकदा वैतागून म्हटलं, "आता हरेक गोष्ट काऊन इचारून राहिला रे? थोडं आपल्या मनानं कर." सर तेवढ्यापुरते गप्प बसले आणि पाचच मिनिटांनी पुन्हा काहीतरी विचारलं.

पासष्टच्या थंडीत माय गेली, अकोल्यातच. आजार मोठा झाला नाही. सकाळी दोन पोरं चोळली आणि दुपारी पडली ती पडली. सर पोचले तेव्हा गल्लीभर बाया बसल्या होत्या. त्यातल्या अर्ध्या जणींना ते नावाने ओळखत होते.

त्यानंतर त्यांचं येणं साहजिकच थांबलं. माझाही संसार वाढला, अमरावतीला जाणं कमी झालं. कॉलेजातून बातमी यायची की सर तसेच आहेत, लॅब तशीच बंद करतात.

वर्षभराने मी भातकुलीकडून एस.टी.ने अकोल्याला परतत होतो. रविवार होता. मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडी पाण्यासाठी थांबली. लोक खाली उतरले, मीही उतरलो. रस्त्याच्या पलीकडे कडुनिंबाखाली काळी मॉरिस उभी. सर तिच्या पायरीवर बसले होते. शेजारी कागदात बांधलेली भाकर होती, ती सोडलेली नव्हती.

मी जवळ गेलो. "सर, कुठे निघाले?"

त्यांनी वर पाहिलं. ओळखायला त्यांना एक क्षण लागला. "अकोल्याला निघालो होतो," ते म्हणाले. "इथे येईपर्यंत काही वाटलं नाही. मग आठवलं."

 मी उभा राहिलो. त्यांनी बसायला पायरीवर जागा केली, पण मी बसलो नाही, बस सुटेल म्हणून.

"तुमची आई गावीच असते?" त्यांनी विचारलं.

"हो. आत्ता तिकडूनच येतोय."

"बरी आहे?"

"बरी आहे. एकटीच असते. मी म्हणतो, आता पुन्हा अकोल्याला आणून ठेवावं. नवीन घरात जागा आहे."

सर गाडीच्या दाराकडे बघत होते. "तिला विचारलं?"

मी म्हटलं, "विचारायचं काय त्यात? मी तिचा मुलगाच आहे."

त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. ते हसलेही असतील. मग भाकरीचा कागद सोडत म्हणाले, "विचारून पाहा, इंगळे. मी ती गाडी ठोकळ्यावर घेताना सगळं बघितलं होतं. मायला विचारायचं तेवढं राहिलं."

कंडक्टरने घंटी मारली. मी पळत जाऊन चढलो. मागच्या काचेतून पाहिलं, सर अजून पायरीवरच बसले होते, हातात भाकरीचा तुकडा. गाडीचं तोंड अकोल्याकडे होतं आणि ती कुठल्या बाजूला वळवायची हे त्यांनी अजून ठरवलेलं दिसत नव्हतं.